आख्खी खाडी नको, एक बांध निवड

वाचकाचं पत्र: "मी ऐरोलीला राहते, ठाण्यातल्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय इतिहास आणि भूगोल. आजोळ घणसोलीचं; तिथली खाडीकाठची भातशेती सिडकोत गेली. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत 'ठाणे खाडीचा पर्यावरणीय इतिहास' या विषयावर संशोधन फेलोशिप मिळवून काम करायची इच्छा आहे. पण बघावं तिथे विज्ञानवाल्यांसाठीच जागा. आमचे सर म्हणतात, पुराभिलेखागारात बी.ए.च्या मुलांना कोण विचारतं? इंग्रजीही बेताचंच आहे. अर्ज करू का? आणि कसा?"

उत्तर:

अर्ज जरूर कर, पण या विषयावर नको. 'ठाणे खाडीचा पर्यावरणीय इतिहास' हे जाडजूड ग्रंथाचं नाव झालं. उन्हाळी फेलोशिप साधारण आठ आठवड्यांची असते, म्हणजे कामाचे दिवस जेमतेम चाळीस. निवड करणारे लोक अर्ज वाचताना एकच गोष्ट बघतात: एवढ्या दिवसांत या मुलीच्या हातात काही लागेल का? विषय कितीही महत्त्वाचा असला तरी तो चाळीस दिवसांत मावत नसेल तर अर्ज बाजूला पडतो, आणि तसे अर्ज ढिगाने येतात.

मग लहान कसं करायचं? तुझ्या पत्रातच उत्तर आहे. खाडीकाठची भातशेती म्हणजे खारजमीन. ती समुद्रापासून बांध घालून राखलेली असते. बांधात उघाडी असते. ओहोटीला तिच्यातून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला पाण्याच्या दाबानेच ती बंद होते. बांधाला खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही तर खारं पाणी शेतात शिरतं, जमिनीतलं मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. देखभाल कायमची थांबली तर काही वर्षांत तिथे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उभी राहतात. आज खाडीकाठी दिसणारं प्रत्येक तिवरांचं रान म्हणूनच जुनं असेलच असं नाही. त्यातलं काही पन्नास वर्षांपूर्वी कुणाचं भाताचं शेत असू शकतं.

आता प्रश्न असा मांड: अमुक एका गावाचा बांध १९४८ ते १९८४ या काळात कोण राखत होतं, आणि ते राखणं कधी आणि का थांबलं? १९४८ अशासाठी की त्या वर्षी मुंबई राज्याचा खारजमिनींचा कायदा झाला आणि बांधांच्या कामात सरकार शिरलं. त्याआधी कुलाबा-ठाणे पट्ट्यात शिलोत्री पद्धत होती: शिलोत्रदार बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबदल्यात कुळांकडून भात घ्यायचा. मधे १७ मार्च १९७० ला नवी मुंबई उभारणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. १९८४ च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचं जासईचं आंदोलन झालं. दोन टोकं पक्की, मधे एक मोठी घडामोड, गाव एक, बांध एक. हा प्रश्न चाळीस दिवसांत सुटू शकतो. अर्धवट सुटला तरी जे सापडेल ते कामाचं असेल.

भातशेतीऐवजी डोंगराकडे जायचं असेल तर तितकाच चांगला दुसरा विषय राबाचा. रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या आणि पाला तोडायचा, यावरून ठाणे-कुलाब्यात शेतकरी आणि जंगल खातं यांच्यात मोठा वाद झाला, आणि १८८५ ला मुंबई सरकारने त्यासाठी वन आयोग नेमला. अहवाल १८८७ चा, छापील आहे, साक्षी भरपूर आहेत. पण तुझं आजोळ खाडीकडे आहे, माणसं ओळखीची आहेत, म्हणून बांधाचाच विषय घे.

अर्जाआधी चार-पाच साधनं प्रत्यक्ष उघडून बघ. ती सगळी घरबसल्या किंवा ठाण्यातच मिळतात.

पहिलं, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड, ठाणे जिल्हा, दोन भाग, १८८२. गावांची माहिती चौदाव्या खंडात. राज्याच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. नावं शोधताना एकच स्पेलिंग टाकून थांबू नकोस. ठाणे कधी 'थाना', त्याही आधी 'टन्ना'. घणसोली, तुर्भे, कोपरखैरणे यांची नावं दर दस्तऐवजात वेगळी लिहिलेली असतात. आणखी एक: त्या खंडात पनवेल-उरण ठाणे जिल्ह्यात सापडतील, पुढच्या कागदांत ते कुलाब्यात गेलेले असतात, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. जिल्हा चुकला की फाईल सापडत नाही. मापांचंही तसंच. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि सरकारी-रेल्वेचा मण सुमारे ८२ पौंडांचा. मिठाचा किंवा भाताचा आकडा उतरवताना मण कुठला ते लिहून ठेवलं नाहीस तर सगळं गणित तिपटीने चुकेल.

दुसरं, १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेच्या ठाणे जिल्हा पुस्तिका. जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. गावनिहाय आकडे मिळतात: क्षेत्रफळ, लोकसंख्या, कोण काय काम करतं. इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. १९६१ ला काम करणाऱ्यांच्या तिसऱ्या वर्गात खाणी, दगडखाणी, जनावरं, जंगल आणि मासेमारी हे सगळं एकत्र आहे. १९७१ ला खाणकाम वेगळं काढलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर फोडणाऱ्या खदानी. त्यामुळे १९६१ चा तो आकडा 'मच्छीमार' म्हणून वाचला आणि १९७१ शी ताडला तर मासेमारी एकदम घटल्यासारखी दिसेल. ती घटली असेलही, पण हा आकडा ते सिद्ध करत नाही. मिठागरातले मजूर कुठल्या रकान्यात धरले, हेही वर्गीकरणाच्या परिशिष्टात बघून मगच लिही.

तिसरं साधन सगळ्यात गोड, आणि इतिहासाचे विद्यार्थी तेच विसरतात: सातबारा. त्यातला नमुना बारा म्हणजे पीकपाहणी. एका गटाचे, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचे, जुने उतारे ओळीने लावून बघ. भात, भात, भात असं येत येत एका वर्षी 'पड' लिहिलेलं दिसेल, पुढच्या वर्षी पुन्हा 'पड', आणि मग तेच. बांध फुटल्याचं किंवा सोडून दिल्याचं वर्ष याच्याइतकं जवळून दुसरीकडे कुठे मिळत नाही. शेजारच्या दहा-बारा गटांत एकाच वर्षी 'पड' सुरू झालं असेल तर तो एका शेतकऱ्याचा आळस नव्हे, पाणीच आत आलं. पण सावध राहा: तलाठ्याने मागच्या वर्षीची नोंद तशीच पुढे ओढलेली असणंही नेहमीचं. म्हणून एकट्या उताऱ्यावर विसंबू नकोस, फेरफाराशी, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींशी, ताड; भूसंपादनाची तारीख फेरफारात मिळते. महसूल विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुने उतारे स्कॅन करून ठेवले आहेत, तुझं गाव त्यात आहे का ते तपास. नसेल तर तहसील कार्यालयात अभिलेख कक्षाकडे नकलेचा अर्ज. त्याला आठवडे लागू शकतात, म्हणून मे महिन्याची वाट बघू नकोस.

चौथं, नकाशे आणि आकाशातून काढलेली छायाचित्रं. मुंबई-ठाण्याचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा ४७ ए/१६, बेलापूरच्या बाजूचा ४७ ई/४. नकाशावर छापल्याचं वर्ष आणि सर्वेक्षणाचं वर्ष वेगळं असतं. तुझ्या कामाचं सर्वेक्षणाचं. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रं १९९५ ला खुली झाली. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थ एक्स्प्लोरर या पोर्टलवर आधीच स्कॅन झालेली असतील तर फुकट उतरवता येतात. नंतरच्या मालिकांत बांधांच्या रेषा दिसण्याइतपत बारकावा आहे. १९७२ पासूनची लँडसॅट उपग्रहांची चित्रं मात्र बांधासाठी कुचकामी: तेव्हाचा एकेक ठिपका जवळजवळ ८० मीटरचा, त्यात तीन-चार मीटरचा बांध कुठला दिसणार? आणि दोन चित्रं शेजारी ठेवून 'खाडी आटली' असं म्हणण्याआधी भरती-ओहोटी बघ. एक चित्र उधाणाच्या भरतीचं आणि दुसरं ओहोटीचं असेल तर मैलभर चिखल नुसता वेळेच्या फरकाने उघडा पडतो.

जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवताना जुळणीचे सहा-आठ बिंदू घे आणि ते देवळं, रेल्वेचे पूल, डोंगरमाथे असे न हलणारे घे. किनाऱ्यावरचे बिंदू अजिबात नको, कारण किनारा सरकला का हाच तुझा प्रश्न आहे. आणि रेल्वेचं वय बघ: बोरीबंदर-ठाणे मार्ग १८५३ चा, पण वाशीला गाडी १९९२ ला पोचली. जुन्या नकाशावर नसलेला पूल बिंदू म्हणून चालत नाही.

आता पुराभिलेखागार. तुझ्या सरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही; हात हलवत गेलीस तर परत पाठवतील. महाराष्ट्राचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा संग्रह, मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि नेमका विषय लिहिलेला अर्ज घेऊन जा. 'पर्यावरणाचा अभ्यास' असं लिहू नकोस. 'महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागाचे कागद, ठाणे तालुका, खारजमीन व बांध दुरुस्ती, अमुक ते अमुक वर्ष' असं लिही. विभाग आणि वर्षं लिहिली की समोरच्या माणसाला सूची काढून देता येते. ही परवानगी दिवाळीच्या सुट्टीतच घेऊन ठेव आणि एक दिवस बसून नुसत्या सूच्या वाच. दहा-पंधरा फायलींचे क्रमांक उतरवून आण. अर्जात हे क्रमांक दिलेस की तुझा अर्ज बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसेल, कारण बी.ए.च्या अर्जात ते जवळजवळ कुणाच्याच नसतात.

फायली मागितल्या म्हणजे मिळतातच असं नाही. चिठ्ठी 'मिळत नाही' असा शेरा घेऊन परत येते, किंवा कागद इतका ठिसूळ असतो की देत नाहीत. मागवलेल्यातल्या निम्म्याच हाती येतील असं धरून चाल आणि अर्जात तसं स्पष्ट लिही: फायली मिळाल्या नाहीत तर छापील अहवाल, पीकपाहणी आणि मुलाखतींवर काम उभं राहील. पर्यायी वाट लिहिलेला उमेदवार कच्चा वाटत नाही, उलट ज्याला साधनं माहीत आहेत तोच असं लिहितो. पेन्सिल ने, फोटोचे आणि नकलांचे नियम आधी विचार, शनिवार-रविवार हिशोबात धरू नकोस. ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाणे, तिथून सीएसएमटी, पुढे चालत. जाऊन-येऊन तीन तास धर. म्हणजे दिवसाला वाचायला चार-पाच तास.

मुलाखतींना मे महिना चांगला. मिठागरं चालू असतात, शेतं कोरडी असतात, बांधाची रेष पायाखाली कळते. पण चालायचं सकाळी साडेनऊच्या आत, आणि भरतीचं वेळापत्रक बघून. म्हाताऱ्या माणसांना 'पूर्वी खाडी कशी होती?' असं विचारू नकोस. 'लय चांगली होती' याच्यापुढे काही मिळत नाही. विचार: खांड पडली की गावातून कोण कोण जायचं? माती कुठली आणायचे? उघाडीची फळी कोण बदलायचं, पैसे कोण द्यायचं? राता भात, म्हणजे खाऱ्या जमिनीत तग धरणारं तांबडं भात, शेवटचं कधी पेरलं? खांड बुजवायला न गेलं तर दंड होता का? सालं कुणाला आठवत नाहीत, म्हणून खुणेच्या घटनांची यादी जवळ ठेव: ७२ चा दुष्काळ, ७३ चा वाशीचा पूल, ८४ चं जासई, ९२ ची वाशी लोकल. 'पूल झाला तेव्हा बांध होता का?' याचं उत्तर मिळतं.

या पट्ट्यात जमिनीबद्दल विचारणारी अनोळखी मुलगी म्हणजे सिडकोची किंवा बिल्डरची माणूस, असं पहिल्यांदा वाटणारच. जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळणाऱ्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांची भांडणं घराघरात आहेत, भावाभावांत कोर्ट चालू आहेत. महाविद्यालयाचं पत्र दाखव, मोबदल्याबद्दल एक अक्षर विचारू नकोस, आणि अहवालात व्यक्तीचं नाव आणि गट क्रमांक एकत्र छापू नकोस. संमतीपत्र मराठीत, एका पानात, वाचून दाखवून घे. एका तासाचं ध्वनिमुद्रण लिहून काढायला पाच-सहा तास लागतात. म्हणून चाळीस दिवसांत सहा-सात माणसांपेक्षा जास्त ठरवू नकोस. बोलणं आगरीत असेल तर आगरीतच लिही, प्रमाण मराठीत 'सुधारू' नकोस.

तुझ्या इंग्रजीचा मुद्दा इथेच येतो. हा विषय हाताळायला आगरी ऐकून कळणं, मराठी सातबारा वाचता येणं आणि गावात शिरायला नातं असणं लागतं. हे अर्जात आडपडदा न ठेवता लिही. जमलं तर पुराभिलेख संचालनालयाचा मोडी लिपीचा वर्ग कर, जुने गावकागद मोडीत असतात. अर्ज आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत कर, छोटी वाक्यं ठेव. सुरुवात अशी काहीशी: "ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका गावाचा खारबांध १९४८ ते १९८४ या काळात कोणी राखला आणि ते केव्हा थांबलं, हे मला शोधायचं आहे. १९६१ आणि १९७१ चे गावनिहाय आकडे आणि बारा गटांची पीकपाहणी मी उतरवली आहे. पुराभिलेखागारातल्या पुढील फायली मला बघायच्या आहेत." हे खरोखर केलेलं असलं पाहिजे, हे सांगायला नको. 'लहानपणापासून मला निसर्गाची आवड' हे वाक्य काढून टाक.

अर्ज कुठे करायचा? तिन्ही विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी फेलोशिप आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची फेलोशिप, या दोन्ही विज्ञान-अभियांत्रिकीच्या आहेत. त्यात वेळ घालवू नकोस. गांधीनगरच्या आयआयटीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम मानव्यविद्यांसाठीही असतो, जाहिरात नव्या वर्षाच्या सुरुवातीला बघ. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेच्या आर्काइव्हजमध्ये इंटर्न घेतात. कागदपत्रं लावण्याचं काम शिकायचं असेल तर उत्तम. कॅनडाचा मायटॅक्स ग्लोबलिंक कार्यक्रम सगळ्या विद्याशाखांना खुला असतो आणि बारा आठवड्यांचा असतो, पण त्यात विषय तिथल्या प्राध्यापकाचा, तुझा बांध नव्हे. शिवाय अर्ज आदल्या वर्षीच घेतात आणि भागीदार देशांची यादी बदलत राहते. अमेरिकेच्या एनएसएफ या सरकारी विज्ञान प्रतिष्ठानाच्या पदवीपूर्व संशोधन जागा फक्त तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी असतात. आणि 'नोंदणी शुल्क भरा, दोन महिन्यांत संशोधन प्रमाणपत्र' असं कुणी म्हटलं तर तिकडे फिरकूही नकोस. फेलोशिपमध्ये पैसे तुला मिळायचे असतात.

पण कलाशाखेतल्या बऱ्याच जागा जाहिरातीतून येत नाहीत, थेट प्राध्यापकाला लिहून मिळतात. नोव्हेंबरात चार-पाच जणांना ई-मेल कर, एकच मजकूर सगळ्यांना नको. दीडशे शब्द पुरेत: प्रश्न काय, आतापर्यंत काय उतरवलंस, त्यांचा कुठला लेख वाचलास, आठ आठवड्यांत काय मागतेस. सोबत एक पानी आराखडा: पंधरा दिवस पुराभिलेखागार, दहा दिवस गाव आणि मुलाखती, पाच दिवस लिहून काढणं आणि नकाशे, दहा दिवस लेखन. दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर. शिफारसपत्रासाठी सरांना तीन आठवडे आधी सांग आणि हाच एक पानी आराखडा त्यांच्या हातात दे, म्हणजे 'होतकरू व प्रामाणिक विद्यार्थिनी' यापलीकडे काही लिहिता येईल. मार्गदर्शक मे महिन्यात गावी नसतील का, हे आधीच विचार. या एका गोष्टीवर चांगली कामं अडकलेली असतात. मानधन बहुतेक ठिकाणी काम संपल्यावर किंवा उशिरा येतं. प्रवास आणि नकलांचे पैसे आधी तुझ्याच खिशातून जातील, तेवढी तजवीज ठेव.

कुठेच जमलं नाही तरी काम सोडू नकोस. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षणाला (ऑन जॉब ट्रेनिंग) श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. एका श्रेयांकाला तीस तास, चार श्रेयांकांना १२०. तुझा बांधाचा आराखडा यात जवळजवळ जसाच्या तसा बसतो, फक्त पुराभिलेखागाराचे दिवस निम्मे कर. विभागप्रमुखांकडे हे सत्र सुरू होण्याआधी लेखी माग, नाहीतर एखाद्या कार्यालयात फायली लावायला पाठवतील. तेच काम हिवाळ्यात आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत मानव्यविद्या गटात पदवी स्तरावर मांडता येतं. प्रत्येक महाविद्यालयात आविष्कारचे समन्वयक असतात. तुमच्याकडे कोण आहेत आणि नाव कधीपर्यंत द्यायचं, हे सप्टेंबरातच विचारून ठेव.